दुहेरी दोरा

सनीव्हेल,
६ नोव्हेंबर २००५

ती. काकूस,
केदारचा नमस्कार.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज ठेवला तर उलट फोन येत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. हाताने मराठी लिहायची सवय गेली आहे. अक्षराला हसू नकोस. हा चौथा ड्राफ्ट आहे.

तुझी खबर ट्रॉयहून प्रतिमामावशींकडून कळते. म्हणाल्या, शैलजा मंडळात येत नाही, गणपतीलाही आली नाही, पण एका स्कीच्या दुकानाचं रिपेअरचं काम घरी आणते. फाटलेल्या पँटी, जॅकेटांच्या झिपा. मग वाटलं, विचारायचं तर हिलाच विचारावं.

तर विचारतो, रागावू नकोस. या हिवाळ्यात मी परत स्कीइंगला जायचं म्हणतोय. ऑफिसातला चारुदत्त आणि आणखी दोघंतिघं आहेत. त्यांचा बेत असा असतो की शनिवारी रिझॉर्ट आणि रविवारी बॅककंट्री. काका मिशिगनला करायचे तसं रिझॉर्टचं, लिफ्टच्या खुर्चीत बसून वर आणि घसरत खाली. बॅककंट्रीला लिफ्ट नसते, स्कीला खालून पट्टे लावून आपल्या पायांनी डोंगर चढायचा. काकांना मी त्या दिवशी नेलं होतं तसं.

माझी जुनी पँट मी ठेवली नाही. नवी घ्यायची तर दोन्हीकडे चालेल अशी एकच हवी, आणि टिकणारी. दुकानात शंभर प्रकार आहेत, नेटवर हजार. तू हाताने शिवतेस, तुला कळेल कुठली पहिल्या वर्षी फाटते आणि कुठली नाही.

आसावरी नमस्कार सांगते. मार्चमध्ये आमच्या लग्नाला तीन वर्षं होतील. काकांनी लग्नात केलेलं भाषण ती अजून म्हणून दाखवते.

तुझा
केदार


ट्रॉय,
१४ नोव्हेंबर २००५

चि. केदार,

पत्र मिळालं. वर "ती. सौ." लिहून "सौ." खोडलं आहेस. खोडायचं होतं तर नवा कागद घ्यायचा. चार ड्राफ्ट केलेस, पाचवा केला असतास.

हे जाऊन येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. तुझ्याबरोबर डोंगर चढले आणि उतरले नाहीत. त्याच डोंगरात तुला परत जायचं आहे आणि पँट कुठली घेऊ म्हणून तू मला विचारतोस. मी पत्र दोनदा वाचलं. वाटलं, मधलं एखादं पान टाकायचं राहिलं असेल.

अठ्ठ्याण्णव साली तू नवा आलास आणि आठ महिने या घरात राहिलास. तेव्हा रोज सकाळी जिन्यातून ओरडायचास, "काकू, आज कुठले मोजे?" हे हसायचे. म्हणायचे, "एवढा इंजिनिअर, पण पायात काय घालायचं ते काकूला माहीत." आम्हाला मूल नाही, त्यामुळे असलं विचारलेलं बरं वाटायचं. आता वाटलं नाही.

कामाचं म्हणशील तर वेळ जातो म्हणून करते. दुपारी लायब्ररी, संध्याकाळी मशीन. मॅट्रिक नापास बाईला या देशात दुसरं कोण विचारणार, असं हेच म्हणायचे, पण चेष्टेने. लायब्ररीतली पुस्तकं घरी आणून, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायला ह्यांनीच लावलं.

एक विचारते. तिकडच्या शेरीफच्या ऑफिसातून ह्यांच्या अंगावरचे कपडे तुझ्या हाती दिले होते. तेव्हाच मी सांगितलं होतं की ठेवू नकोस, गेलेल्या माणसाच्या अंगावरचं घरात ठेवत नाहीत. त्यांचं काय केलंस?

आसावरीला आशीर्वाद.

काकू


सनीव्हेल,
२७ नोव्हेंबर २००५

ती. काकूस,
सा. न.

तू रागावलीस ते बरोबर आहे. पण रागावून का होईना, तू लिहिलंस. मी पत्र घेऊन गाडीत बसलो आणि पार्किंग लॉटमध्येच वाचलं.

कपडे देऊन टाकले, काकू. केव्हाच. तेरावा व्हायच्या आत. त्याची काळजी करू नकोस.

थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये मी दुकानात जाऊन आलो. सेल्समन म्हणजे विशीतला पोरगा, नाकावर उन्हाचा चट्टा. म्हणाला, "रिझॉर्ट की बॅककंट्री?" मी म्हटलं, दोन्ही. तो असा बघायला लागला, जसं मी एकाच वाटीत आमटी आणि खीर मागितली. मग त्याने दोन पँटी काढल्या. एक आत भराव घातलेली, गुबगुबीत, घातली की सोफ्याच्या उशीसारखं दिसायला होतं. दुसरी नुसती पातळ, कवचासारखी. तिला मांड्यांच्या बाहेरच्या बाजूने लांब झिपा आहेत, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत. पहिली एकशेवीसला, दुसरी दुपटीहून जास्त. आसावरी म्हणाली, "एवढ्यात तर माझी साडी येते." मी म्हटलं, साडी नेसून डोंगर चढता येत नाही. ती म्हणाली, "डोंगर चढायला कोणी सांगितलंय?"

तू सांग. भरावाची की कवचाची? आणि टिकाऊ म्हणजे नक्की काय काय बघायचं?

काकांचा शर्ट घालून लिहितोय, निळ्या चौकटींचा, तू दिलेला. अंगात सैल होतो.

केदार


ट्रॉय,
९ डिसेंबर २००५

चि. केदार,

तुला जाऊ नको म्हणायचा अधिकार मला आहे की नाही, मला ठरवता येत नाही. म्हणून तू विचारलंस तेवढ्याचंच उत्तर देते. दोन हिवाळ्यांत दीडशेच्या वर पँटी माझ्या हातून गेल्या आहेत. कापडाबद्दल मला खोटं सांगता येत नाही.

भरावाची घेऊ नकोस. ती खुर्चीत बसून वर जाणाऱ्याची. बसलेल्या माणसाला थंडी वाजते, चढणाऱ्याला वाजत नाही, तो तापतो. तू कवचाची घे आणि आतून लोकरीचा पातळ पायजमा घाल. रिझॉर्टच्या दिवशी एकावर एक दोन घाल. एकाच पँटीने दोन्ही कामं करायची असतील तर ती अशीच होतात, ऊब पँटीत शिवलेली नसावी, वेगळी काढता-घालता यावी. सुती काही घालू नकोस. सूत ओलं झालं की अंगावर वाळत नाही.

मग कापड. पँट उलटी करून बघ. आतलं मऊ अस्तर बाहेरच्या कापडाला चिकटून एक झालेलं असेल तर चांगली. ते सुटं लोंबत असेल तर बुटाच्या बकलात अडकून पहिल्याच वर्षी फाटतं. असल्या मी किती शिवल्या. बाहेरचं कापड जाड विणीचं हवं, नखाने ओरखडा काढून बघ, पांढरी रेघ राहिली तर ठेवून दे. सगळ्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. काही कंपन्या फक्त बुडाखाली लावतात आणि बाकीच्या शिवणींतून पाणी आत येतं.

सगळ्यात आधी फाटते ती मोरी, म्हणजे पायाचा खालचा घेर. दहांतल्या सात पँटी माझ्याकडे त्यासाठीच येतात. स्कीच्या कडा पोलादी असतात, एका पायाची कड दुसऱ्या पायाच्या मोरीला आतून कापते. तिथे वीतभर उंच, वेगळं जाड कापड लावलेलं आहे का ते बघ. मोरीच्या आत बुटावर बसणारी इलॅस्टिकची पट्टी असते, ती काढून धुता येणारी नसली तरी चालेल, पण शिवण दुहेरी हवी. बुडाला आणि गुडघ्याला जाड कापड हवं, बूड लिफ्टच्या खुर्चीवर घासतं आणि गुडघा पट्टे लावायला बसताना. कंबरेला बेल्टऐवजी खांद्यावरचे पट्टे बरे, पाठीवर बॅग असली की बेल्ट रुततो. दुकानात बूट घालून, गुडघा पोटाशी आणून बघ. तेव्हा ओढ बसली तर एक माप वरचं घे.

एवढं बघितलंस तर आठदहा वर्षं टिकेल.

झिपांचं दुकानदाराला विचार. मला त्यातलं फार कळत नाही.

कधी जाणार, कुणाबरोबर, कुठे, ते कळव. रात्रीपर्यंत फोन आला पाहिजे. ह्या वेळी मी उचलीन.

काकू


सनीव्हेल,
१५ जानेवारी २००६

ती. काकूंना,
आसावरीचा नमस्कार.

हे पत्र केदारला न सांगता लिहितेय. फोन केला असता, पण फोनवर मला रडू येईल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

तुमच्या पत्राप्रमाणे त्याने पँट आणली. तुमचं पत्र दुकानात हातात धरून एकेक गोष्ट तपासली म्हणे. घरी आला तेव्हा खूप खूश होता. मी म्हटलं, एवढं काय पँटीचं? तर म्हणाला, "काकूला माहीत नाही. झिपांचं तिला काही माहीत नाही." कशाचं काय माहीत नाही, ते सांगत नाही. दोन वर्षांत त्याला इतका शांत मी पाहिला नव्हता, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटते.

काकू, ग्रुपबिप काही नाहीये. चारुदत्त गेल्या समरमध्येच टेक्सासला मूव्ह झाला. केदार एकटा जाणार आहे. १५ फेब्रुवारीची रजा टाकली आहे. त्या दिवशी बुधवार आहे, बुधवारी कोण स्कीइंगला जातं? काकांबरोबर गेला होता त्याच तारखेला, त्याच जागी जाणार, मी नकाशा पाहिला.

मागच्या आठवड्यात त्याने इन्शुरन्सचे, घराचे, बँकेचे सगळे कागद माझ्या नावाच्या फाइलमध्ये नीट लावून ठेवले. मी विचारलं तर म्हणाला, "टॅक्स सीझन आहे ना." ज्याला स्वतःच्या पगाराचा डब्ल्यू-टू फॉर्म दर वर्षी सापडत नाही, तो हा माणूस.

आणि आणखी एक. क्लोझेटमध्ये व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे एक ब्राउन पेपर बॅग आहे. तिच्यात काकांची स्की पँट आहे. त्याने तुम्हाला कपडे देऊन टाकले म्हणून सांगितलं, ते खोटं आहे. तो ती कधी कधी काढून मांडीवर घेऊन बसतो.

तो माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. काहीही सांगा त्याला, प्लीज.

आसावरी


ट्रॉय,
२२ जानेवारी २००६

केदार,

आसावरीवर रागावू नकोस. तिने लिहिलं म्हणून मी हे लिहिते, नाहीतर मरेपर्यंत लिहिलं नसतं.

तू जाऊ नकोस. का, ते सांगते. सांगून झाल्यावर तू माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल.

तुझ्या काकांनी ती पँट दोन हजार दोनच्या डिसेंबरात सेलमध्ये घेतली. भरावाची होती आणि मांड्यांना झिपाही होत्या. इथल्या टेकडीवर लिफ्टच्या खुर्चीत बसले की झिप आपोआप खाली सरकायची आणि मांडीत वारा शिरायचा. घरी येऊन मला मांडी दाखवली, लाल झाली होती. मी विचारलं, "ही झिप इथे कशाला ठेवली आहे मुळात?" हे म्हणाले, "काय माहीत. फॅशन असेल."

मी दोन्ही झिपा बंद करून शिवून टाकल्या. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, दुहेरी दोरा घेऊन, हाताने बखिया घातला, आणि वरून मशीनने पट्टी मारली. मशीनचं एकट्याचं उसवलं असतं, म्हणून आधी हाताने. तुला माहीत आहे, ह्यांनी तीस वर्षं गाडीच्या दारांच्या रबरी पट्ट्या केल्या, वारा-पाणी आत येऊ नये म्हणून. शिवण हाताने चाचपून म्हणाले, "वा. आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटला जमत नाही असं सील केलंस." मला फार बरं वाटलं. ते दोन हिवाळे ह्यांची तक्रार आली नाही.

मग तुझ्याकडे आले. तू लिफ्ट नसलेल्या डोंगरावर नेलंस. ह्यांनी फोनवर सांगितलं होतं, "उद्या चढायचं आहे." मी म्हटलं, "पँट घातली आहे ना, मग झालं."

त्यानंतर जे झालं ते तुला माहीत आहे. वर गेल्यावर ढग उतरले, वाट दिसेना, तुम्ही चुकीच्या बाजूला उतरलात, रात्र बर्फात काढलीत. तू राहिलास, हे राहिले नाहीत. तिथल्या शोधपथकातला एक माणूस फोनवर मला म्हणाला होता, "मॅडम, त्यांचे कपडे आतून भिजले होते." आतून कसे भिजतील, हे मला कळलं नाही. त्या वेळी विचारायचं सुचलं नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात मी दुकानाचं काम धरलं. तिसरी पँट हातात आली, तिची मांडीवरची झिप मोडली होती. मी मालकाला म्हटलं, बदलायला वेळ लागेल, नुसती शिवून बंद करून देऊ का? तो घाबरला. म्हणाला, "अजिबात नको. ती घाम बाहेर जायला असते. चढताना ती बंद राहिली तर माणूस घामाने भिजतो आणि थांबला की गारठतो. लोक मरतात त्याने."

त्याने सहज सांगितलं. त्याला माहीत नव्हतं, कोणाला सांगतोय. मी पँट पिशवीत घातली, घरी आले. मग लायब्ररीतून थंडीवरची, डोंगरावरची पुस्तकं आणली. एका पुस्तकाने सांगितलं म्हणून दुसरं बघितलं, दुसऱ्याने सांगितलं म्हणून तिसरं. सगळ्यांत तेच होतं. भराव भिजला की ऊब जाते. आतला ओलावा बाहेरच्या पाण्याहून वाईट.

म्हणून मी तुझा फोन उचलत नाही. तू रडून म्हणशील, "काकू, मी नेलं, माझ्यामुळे झालं," आणि मला गप्प बसावं लागेल किंवा "नाही रे, तुझा काही दोष नाही" म्हणावं लागेल, आणि का नाही, ते सांगता येणार नाही. तू मला झिपांबद्दल लिहिलंस तेव्हा मी लिहिलं की मला कळत नाही. हे एकच खोटं त्या पत्रात होतं.

तेव्हा तू ज्याच्यासाठी त्या डोंगरावर जातो आहेस ते तू केलेलं नाहीस. ते मी घरात बसून, चहा पीत, चांगल्या मनाने केलं. पंधरा तारखेला घरी राहा. मला आता आणखी कोणाचं ऐकायचं नाही आतून भिजले होते म्हणून.

काकू


सनीव्हेल,
३ फेब्रुवारी २००६

काकू,

आठ दिवस हे पत्र खिशात घेऊन फिरतोय. तू खरं लिहिलंस, आता मला लिहावं लागेल.

मला माहीत होतं. त्या दिवसापासून.

चढायला लागून तासभर झाला होता. काका पुढे होते, खूश होते, तुझ्या साबुदाण्याच्या वड्यांच्या गोष्टी सांगत होते. घामाने कपाळ निथळत होतं. मी म्हटलं, काका, मांडीच्या झिपा उघडा. ते म्हणाले, "त्या उघडत नाहीत. तुझ्या काकूने सील केल्यात." मी बघितलं. माझ्याजवळ चाकू होता. मी म्हटलं, थांबा, कापतो, दोन मिनिटांचं काम आहे. उजव्या बाजूला पातं घातलंही. त्यांनी माझा हात धरला. हसत होते. म्हणाले, "अरे, दुहेरी दोरा आहे तिचा. घरी गेल्यावर विचारेल, कोणी कापलं? तू सांगणार आहेस का? मी तर नाही सांगणार बाबा."

आणि मी चाकू बंद केला.

वर अजून दोन तास चढायचं होतं, हे मला माहीत होतं. भराव भिजला की काय होतं, हे मला माहीत होतं, कोर्स केला होता मी. तुला माहीत नव्हतं, काकांना माहीत नव्हतं. तिथे फक्त मलाच माहीत होतं. पण काका मोठे, ते नको म्हणाले, आणि शिवण तुझी. मी कधी त्यांना उलट बोललो नव्हतो, त्या दिवशीही बोललो नाही. तू दिलेलं काही कापायचं म्हणजे मलाही कसंतरीच वाटलं, खरं सांगतो.

रात्री ते आधी खूप थरथरत होते. मग थरथर थांबली. मला वाटलं, बरं वाटतंय. तेव्हाही म्हणाले, "काकूला सांगू नकोस." मला अजून माहीत नाही कशाबद्दल म्हणाले ते.

म्हणून मी नोव्हेंबरात तुला पँटीचं विचारलं. तू रिपेअर करतेस हे कळलं आणि मला घाम फुटला. म्हटलं, हिला कधीतरी झिपांचं कळणार. कळलंय का ते बघायचं होतं. तू लिहिलंस, मला त्यातलं कळत नाही. मी ते वाक्य किती वेळा वाचलं. म्हटलं, हिला माहीत नाही, कधी कळू द्यायचं नाही, माझ्याबरोबर जाईल. आणि तू सव्वा वर्ष एकटी बसून होतीस.

पंधराला जाणार नाही. तुला वचन दिलं असं समज. बरं वाटायला लागलंय म्हणून नाही. तिथे गेलो असतो आणि परत आलो नसतो तर तू म्हणाली असतीस, हेही माझ्यामुळेच. तेवढं मी तुझ्यावर टाकू शकत नाही.

काकांची पँट पार्सलने पाठवतोय. माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही. तू टाक, जाळ, काय करायचं ते कर. मला भेटायला ये म्हणू नकोस. सध्या मला तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही.

केदार


ट्रॉय,
२१ फेब्रुवारी २००६

चि. केदार,

पार्सल तेरा तारखेला आलं. मी दारातून आत आणलं आणि तीन दिवस जिन्याखाली ठेवलं.

पंधराला रात्री आसावरीचा फोन आला. म्हणाली, तू सकाळी बूट घालून गॅरेजमध्ये गेलास, गाडीत बसलास, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होतास. गाडी चालू केली नाहीस. मग आत येऊन भात खाल्लास. तिला मी म्हटलं, खाल्ला ना, पुरे. मीही त्या दिवशी भातच केला होता. दोन माणसांचा झाला, नेहमी होतो.

मला वाटलं होतं, मी खरं सांगितलं की तुझं उतरेल. मग तू तुझं सांगितलंस, तुला वाटलं असेल माझं उतरेल. माझं उतरलं नाही. तुझंही उतरलं नसणार. पूर्वी मला वाटायचं, सगळं माझ्या एका शिवणीने झालं. आता डोळे मिटले की तुझ्या हातातला चाकू दिसतो आणि ह्यांचा हसरा चेहरा दिसतो, आणि कळतं की ती शिवण कापू नये म्हणून ह्यांनी तुला थांबवलं. माझ्या धाकाने नाही रे. मला कधी कोणी भ्यालं नाही या घरात. माझी शिवण मोडायची नाही, एवढंच. त्याचं मी काय करू, ते मला कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

"काकूला सांगू नकोस" हे कशाबद्दल, असं तू लिहिलंस. मला वाटतं, थंडी वाजत होती त्याबद्दल. मिशिगनला पहिल्या हिवाळ्यात आलो तेव्हा आमच्या खोलीतला हीटर बंद पडला होता. रात्रभर दात वाजत होते ह्यांचे, आणि सकाळी मला म्हणाले, "मला नाही बाबा वाजली." तसंच असेल. पण हे मी समजूत म्हणून सांगत नाही. मला नक्की माहीत नाही.

पँट मी सोळा तारखेला काढली, सकाळी, खिडकीपाशी. धुतलेली नाही हे बरं केलंस. डावीकडची शिवण जशीच्या तशी आहे. मशीनची पट्टी पिवळी पडली आहे, पण आतला हाताचा बखिया एकही टाका सैल नाही. उजवीकडे वर, कंबरेजवळ, पट्टी बोटभर कापलेली आहे आणि तिच्याखालचे तीन टाके तुटले आहेत. तीनच. मी भिंग लावून मोजले. तू पातं घातलंस म्हणून लिहिलंस ते खरं आहे, हे दुसऱ्या कोणाला पटवायचं झालं तर माझ्याकडे आहे.

टाकणार नाही. घरात ठेवत नाहीत हे मला माहीत आहे, मीच तुला सांगितलं होतं. ठेवणार आहे.

तू नवी घेतलेली पँट दुकानात परत देऊ नकोस. चांगली आहे, आठदहा वर्षं टिकेल. तिच्या झिपा महिन्यातून एकदा मेणबत्ती घासून उघडमीट करून ठेव, वापर नसला तरी. न वापरलेली झिप धरते.

भेटायला ये म्हणत नाही. फोन केलास तर उचलीन. नाही केलास तरी चालेल, मी घरी असते.

ह्यांची पँट घेऊन बसले तेव्हा दुपारपर्यंत उसवत होते. तू जिथे थांबलास तिथूनच सुरुवात केली, चौथ्या टाक्यापासून. दुहेरी दोरा होता, कात्रीला जड गेला, बोटाला दोनदा लागली. आधी उजवी, मग डावी. सगळे दोरे निघाल्यावर झिप धरून खाली ओढली. मला वाटलं होतं, तीन वर्षं बंद राहिलेली, गंजली असेल, अडकेल.

अडकली नाही. एका ओढीत गुडघ्यापर्यंत उघडली.

काकू